विरजण कुठून आणले?

हायकू नावाची एक लहानशी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिच्या माहितीच्या खिडकीत मेमरी किती, प्रोसेसर कोणता हे नेहमीचे तपशील असतातच. पण त्यांच्या शेजारी नावांची एक लांबलचक यादी सावकाश वर सरकत राहते. आधी हायकू लिहिणाऱ्यांची नावे येतात. ती संपली तरी यादी संपत नाही. मग फ्रीबीएसडी प्रकल्प येतो, अक्षरे रेखाटणारा फ्रीटाइप येतो, आणि असे कितीतरी येतात, ज्यांतल्या बहुतेकांनी हायकूसाठी म्हणून एक ओळही लिहिलेली नाही. त्यांनी आपापल्या कामासाठी कोड लिहिला, त्याच्या माथ्यावर एक छोटा परवाना ठेवला आणि सांगितले की हवा त्याने न्यावा, बदलावा, विकावा, फक्त आमचे नाव पुसू नये. २००१ साली ‘बी’ या कंपनीची मालमत्ता ‘पाम’ने विकत घेतली आणि बीओएस ही तिची सिस्टिम पोरकी झाली. तिच्या चाहत्यांनी ती नव्याने लिहायला घेतली, तीच ही हायकू. कर्नलचा पाया त्यांना न्यूओएसमध्ये मिळाला. ‘बी’च्याच एका माजी अभियंत्याने तो लिहून एमआयटी परवान्याखाली खुला केला होता. नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर फ्रीबीएसडीकडून आले, तारखा-आकडे-भाषा सांभाळणारा भाग आयसीयू या लायब्ररीवर उभा राहिला. मूठभर स्वयंसेवकांना एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम उभी करता आली ती या उसनवारीमुळे.

उसनवारी हा शब्द मात्र इथे पुरता बसत नाही. उसने नेलेले पीठ परत करावे लागते, आणि तोवर शेजारच्या डब्यात ते तेवढे कमी असते. कोड विरजणासारखा आहे. चमचाभर विरजण दिल्याने देणाऱ्याच्या दह्यात काही उणे होत नाही आणि ते परत मागायची रीतही नाही. पण नेणाऱ्याचे दही रोज लावता लावता कधीतरी आंबट होते, त्याला तार सुटते, आणि मग पुन्हा त्याच घरी वाटी घेऊन जावे लागते. तेव्हा ते घर कोणते हे आठवत असले पाहिजे. या पुस्तकाचा सारा भर या आठवणीवर आहे. उदार परवान्याचा कोड आपल्या सिस्टिममध्ये घ्यावा की घेऊ नये यावर गेली तीस-पस्तीस वर्षे भरपूर वाद झाले. घेतलेला कोड पुढे वर्षानुवर्षे सांभाळायचा कसा यावर त्या मानाने फार थोडे लिहिले गेले. आमचे म्हणणे असे, की परवाना फक्त नेण्याचा प्रश्न सोडवतो. नेलेला कोड जिवंत राहील की नाही, हे त्याच्या नोंदीवर आणि मूळ घराशी राखलेल्या येण्याजाण्यावर ठरते. तो कुठून, कोणत्या दिवशी, कोणत्या अवस्थेत आणला हे लिहून ठेवा, असे परवाना सांगत नाही. मूळ लेखकांशी संबंध ठेवा, असेही तो सांगत नाही. म्हणून ही दोन्ही कामे राहून जातात.

नवख्या वाचकाला आधी या प्रदेशाची सीमा दाखवतो. कायद्याच्या दृष्टीने प्रोग्रॅम हे लेखन आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही तो साहित्यकृतींमध्येच मोडतो. त्यामुळे कोणी आपला कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि त्यासोबत काहीच लिहिले नाही, तर तो वाचता येतो, पण आपल्या सिस्टिममध्ये घालून वाटता येत नाही. तशी मुभा लेखकाने द्यावी लागते, आणि ती देणारा मजकूर म्हणजे परवाना. बीएसडी, एमआयटी, आयएससी, अपाची हे त्यांपैकी सर्वांत सढळ हाताचे, म्हणजेच ‘उदार’. यांतले पहिले तीन अर्ध्या पानात मावतात. अटी जेमतेम: कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर जसाच्या तसा राहू द्यायचा, आणि कोडमुळे नुकसान झाले तर लेखकाला जबाबदार धरायचे नाही. नेणारा तो कोड बंदिस्त मालात घालून विकू शकतो, स्वतःचे बदल झाकूनही ठेवू शकतो. याच्या समोर उभा आहे कॉपीलेफ्टचा विचार. त्याचे सर्वांत प्रसिद्ध रूप जीपीएल: न्या, बदला, विकाही, पण पुढे ज्याला द्याल त्याला मूळ कोडही द्या, आणि याच अटींवर द्या. लिनक्सचा कर्नल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. या दोन विचारांमधले पाणी एकाच दिशेने वाहते, ही गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घेतलेली बरी. बीएसडी परवान्याचा कोड लिनक्समध्ये जाऊ शकतो. लिनक्सचा जीपीएल कोड फ्रीबीएसडीच्या कर्नलमध्ये मिसळला, तर तो एकत्र कर्नल जीपीएलच्या अटींवरच वाटावा लागेल, आणि ते त्या प्रकल्पाला नको असते.

या परंपरेचे मूळ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून तिथले संशोधक एटी अँड टीच्या युनिक्समध्ये भर घालून तिच्या टेप वाटत असत. पण ती टेप घेणाऱ्याकडे एटी अँड टीचा परवाना आधी असावा लागे. १९८३च्या ४.२बीएसडीमध्ये टीसीपी/आयपी आले. अमेरिकी संरक्षण खात्याच्या दार्पा या संस्थेच्या पैशातून झालेले हे काम अनेकांना नुसते तेवढेच हवे होते. मागणी वाढत गेली तेव्हा बर्कलेने नेटवर्कचा भाग वेगळा काढला आणि जून १९८९ मध्ये ‘नेटवर्किंग रिलीज १’ या नावाने तो आपल्या स्वतःच्या परवान्याखाली दिला. टेपची किंमत १,००० डॉलर होती, पण एकाने घेतली की त्याने ती हवी तितक्यांना फुकट द्यावी. तरीही कित्येक संस्थांनी पैसे मोजून ती घेतली. मग बर्कलेतल्याच कीथ बॉस्टिक यांनी त्याहून मोठे काम अंगावर घेतले. एटी अँड टीच्या कोडवर उभे असलेले शेकडो छोटे प्रोग्रॅम त्यांनी जगभरच्या स्वयंसेवकांकडून, फक्त त्यांचे वर्णन वाचून, कोरे लिहून घेतले. मोबदला एकच: ज्याने जो प्रोग्रॅम पुन्हा लिहिला त्याचे नाव त्या प्रोग्रॅमशेजारी. दीड वर्षात जवळपास सगळे महत्त्वाचे प्रोग्रॅम आणि लायब्ररी तयार झाल्या. जून १९९१ मध्ये ‘नेटवर्किंग रिलीज २’ बाहेर पडले. कर्नलच्या, एटी अँड टीच्या कोडवर उभ्या अशा, फक्त सहा फाइली नव्याने लिहायच्या राहिल्या होत्या, त्या बिल जोलित्झ यांनी लिहून काढल्या आणि ३८६बीएसडी उभी राहिली. आजच्या फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी तिच्यातूनच निघाल्या. नाव हे सगळ्या इमारतीचे वेतन होते, हे इथे विसरता कामा नये. उदार परवान्यात नाव राखण्याची एकच अट उरली आहे, ती उरलीसुरली म्हणून ठेवलेली नाही. लिहिणाऱ्यांना जे मिळाले ते तेवढेच होते.

त्या अटीला दात आहेत हेही लगेच दिसले. १९९२ मध्ये एटी अँड टीची उपकंपनी यूएसएल हिने बीएसडीआय या नव्या कंपनीवर आणि मग विद्यापीठावरही खटला भरला: तुमच्या वाटपात आमचा कोड आहे. विद्यापीठाने उलट दावा ठोकला, की सिस्टिम फाइव्ह युनिक्समध्ये आमचा कोड वापरताना तुम्ही परवान्यात ठरल्याप्रमाणे आमचे श्रेय दिलेले नाही. ज्याने दुसऱ्यावर चोरीचा आळ घेतला त्याच्याच घरात दुसऱ्याच्या नावाची भांडी, पण नावे घासून काढलेली, असे हे प्रकरण होते. १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली. सुमारे १८,००० फाइलींपैकी तीन काढल्या गेल्या, काही फाइलींत किरकोळ बदल झाले, आणि सुमारे ७० फाइलींवर यूएसएलची सूचना लावायची ठरले. त्या फाइली वाटायची मोकळीक कायम राहिली. जूनमध्ये ४.४बीएसडी-लाइट आली. दोन वर्षांचा हा घोळ चालू असताना लिनक्स पुढे निघून गेला असे पुष्कळ जण मानतात. ते कितपत खरे याचा निवाडा सोपा नाही. पण फाइलीगणिक वंशावळ तपासता आली म्हणूनच बर्कलेचा वारसा वाचला, एवढे निःसंशय. नोंदी नसत्या तर १८,००० पैकी कोणत्या तीन, हे सांगणार कोण?

श्रेयाची अट ताणली तर काय होते हेही याच घराण्याने पाहिले. बर्कलेच्या मूळ परवान्यात एक जादा कलम होते: या कोडचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत विद्यापीठाचे नाव छापावे. इतर लेखकांनी त्याची नक्कल करताना विद्यापीठाच्या जागी स्वतःची नावे घातली. जीपीएलचे कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांनी १९९७ च्या नेटबीएसडीत अशी ७५ निरनिराळी वाक्ये मोजली. सिस्टिम म्हणजे शेकडो घरचे विरजण. प्रत्येक घराने दारावर पाटी मागितली तर पाट्यांमागे घर दिसेनासे होते. शिवाय जीपीएलला अशी जादा अट चालत नव्हती, त्यामुळे दोन्ही बाजूंचा कोड एकत्र करता येईना. २२ जुलै १९९९ रोजी विद्यापीठाने ते कलम रद्द केले. नाव राहिले, पण त्याची जागा ठरली: जाहिरातीत नको, फाइलीच्या माथ्यावर आणि सोबतच्या कागदपत्रांत.

‘उदार’ या एका शब्दाखाली सगळे परवाने एकसारखे समजणे ही नवख्यांची पहिली चूक, आणि ती जाणत्यांकडूनही झाली आहे. बर्कलेच्याच घराण्यातल्या ओपनबीएसडीत आयपीफिल्टर नावाची फायरवॉल होती. तिच्या परवान्यात मूळ आणि तयार अशा दोन्ही रूपांत वाटायला आणि वापरायला परवानगी होती. बदलायला परवानगी आहे, असे मात्र कुठे लिहिलेले नव्हते. सगळ्यांनी ते गृहीत धरले. मे २००१ मध्ये लेखक डॅरेन रीड यांनी स्पष्ट केले की बदललेली आवृत्ती वाटायची परवानगी त्यांनी दिलेली नाही. सुरक्षेचा ध्यास घेतलेल्या प्रकल्पाने त्याच महिन्यात आपली फायरवॉल उचलून बाहेर ठेवली आणि बाकीच्या सगळ्या कोडचे परवाने तपासायला घेतले. डॅनियल हार्टमायर यांनी पीएफ नावाची नवी फायरवॉल लिहिली, आणि ती डिसेंबर २००१ च्या ओपनबीएसडी ३.० मध्ये आली. एक क्रियापद नसल्याने हे सगळे घडले. अपाचीच्या दुसऱ्या आवृत्तीचेही असेच: पेटंटविषयीची तिची कलमे अनेक कंपन्यांना दिलासा वाटतात, ओपनबीएसडीला ती नकोशी वाटतात, आणि मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानच्या मते ती जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळते, दुसऱ्या आवृत्तीशी नाही. म्हणजे अपाची परवान्याचा कोड थेट लिनक्स कर्नलमध्ये घालताना तो उदार आहे एवढे म्हणून भागत नाही.

कोड एकाच दिशेने वाहतो म्हणून जी भांडणे झाली त्यांत २००७ चे एक बोधप्रद आहे. अथेरॉस कंपनीच्या वायफाय चिपसाठी राइक फ्लोटर यांनी ओपनबीएसडीत आयएससी परवान्याखाली ड्रायव्हरचा भाग लिहिला होता. लिनक्ससाठी त्यावर काम करणाऱ्यांकडून काही पॅच आले, ज्यांत मूळ परवान्याची सूचना काढून तिथे जीपीएलची लावली होती. ओपनबीएसडीचे प्रमुख थिओ डी राट यांनी जाहीर आक्षेप घेतला. आक्षेप असा, की बदललेल्या कोडवर तुमच्या अटी लावायच्या तर लावा, पण मूळ लेखकाची सूचना पुसायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरच्या वकिलांनी प्रकरण तपासले आणि जीपीएल प्रकल्पात उदार परवान्याच्या फाइली कशा सांभाळाव्यात याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. २००८ मध्ये तो ड्रायव्हर लिनक्सच्या २.६.२५ आवृत्तीत आला तेव्हा आयएससीचा मजकूर जागेवर होता. कायदा तिथे संपला, पण ओपनबीएसडीच्या लोकांची दुसरी तक्रार उरली: लिनक्सच्या बाजूने केलेल्या सुधारणा जीपीएलखाली गेल्या तर त्या आमच्याकडे परत येऊ शकत नाहीत. ही तक्रार कायद्यात बसत नाही. त्यांच्याच परवान्याने तशी मुभा दिली होती. तरी ती खोटी नाही. लिनक्समधल्या ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या विभागाने तिचे उत्तर आपल्या वागण्यातून दिले आहे. कर्नल जीपीएलचा असूनही त्या विभागातला बराचसा कोड एमआयटी परवान्याखाली लिहिला जातो, आणि म्हणूनच आज फ्रीबीएसडी व ओपनबीएसडी यांचा पडदा त्या ड्रायव्हरांवर चालतो.

परवान्याचे दार उघडले की खरे कष्ट सुरू होतात. एका कर्नलसाठी लिहिलेला ड्रायव्हर दुसऱ्यात नुसता उचलून ठेवता येत नाही. कुलुपे कशी लावायची, मेमरी कशी मागायची, इंटरप्ट कोणी झेलायचा, सगळे रिवाज निराळे. इथे दोन विचारसरण्या आहेत. पहिली म्हणते, कोड आपल्या रिवाजात पुरता बसवून घ्या, ओळीओळीत बदल करा, तो आपलाच होऊ द्या. दुसरी म्हणते, कोडला हात लावू नका. त्याच्याभोवती दुभाषी बसवा. १९९७ मध्ये युटा विद्यापीठाच्या ओएसकिटने लिनक्स आणि फ्रीबीएसडी दोहोंचे ड्रायव्हर असे वेष्टनात घालून वापरून दाखवले; नेटबीएसडीच्या रम्प कर्नलनी तोच विचार पुढे नेला. हायकूने २००७ पासून हाच मार्ग धरला. फ्रीबीएसडीच्या कर्नलची भाषा बोलणारा एक पातळ थर लिहिला, आणि त्यामागे मूळ ड्रायव्हर जवळपास न बदलता बांधले. पुढे वायफायसाठी ओपनबीएसडीचे ड्रायव्हर हवेसे वाटले तेव्हा त्यांच्यासाठीही तसाच थर तयार केला. पहिल्या मार्गात कोड देखणा होतो, दुसऱ्यात तो ताजा राहतो. माझा कौल निःसंकोचपणे दुसऱ्या बाजूला आहे, आणि त्याचे कारण पुन्हा पीएफ. ती फ्रीबीएसडीत गेली, ॲपलच्या मॅकमध्येही गेली. फ्रीबीएसडीने ती अनेक प्रोसेसरांवर एकाच वेळी वेगाने चालावी म्हणून आतून बदलली; ओपनबीएसडीने दरम्यान तिची लिहिण्याची भाषा बदलली. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य होते. पण ओपनबीएसडी ४.५ मधल्या पीएफनंतर तिथली नवी प्रत आणून वर ठेवणे फ्रीबीएसडीला अशक्यप्राय झाले, आणि दोन भावंडांच्या नियमांच्या फाइली एकमेकांना समजेनाशा झाल्या. आपल्या हाताने केलेला प्रत्येक स्थानिक बदल हे पुढच्या प्रत्येक दुरुस्तीवर लागणारे व्याज असते. फ्रीबीएसडीचीच एक जुनी शिस्त यावर उतारा आहे: बाहेरून आणलेला कोड आधी जसाच्या तसा एका वेगळ्या शाखेत ठेवायचा, आपले बदल त्यावर निराळे करायचे, म्हणजे नवी प्रत आली की मूळ किती बदलले आणि आपण किती बदलले हे केव्हाही वेगवेगळे पाहता येते.

शिस्त नसल्याचा हिशेब इतरांनी चुकवला आहे. मार्च २००२ मध्ये झेडलिब या फाइली आक्रसवणाऱ्या छोट्या लायब्ररीत एक सुरक्षेची चूक सापडली. १.१.४ ही आवृत्ती काढून मूळ लेखकांनी ती दुरुस्त केली. पण झेडलिबचा परवाना इतका सढळ आणि कोड इतका सुबक, की लोकांनी तो आपापल्या प्रोग्रॅमात चिकटवून टाकला होता. लिनक्स कर्नलच्या पोटातही त्याची प्रत होती. प्रत्येक प्रत शोधून वेगळी बरी करावी लागली. डिसेंबर २०२० मध्ये ‘अम्नेशिया:३३’ या नावाने जाहीर झालेल्या ३३ त्रुटी याहून वाईट. यूआयपीसारख्या चार खुल्या, चिमुकल्या नेटवर्क स्टॅकमध्ये त्या होत्या, आणि ते स्टॅक दीडशेहून अधिक उत्पादकांच्या उपकरणांत जाऊन बसले होते. त्यांतल्या कित्येकांना आपल्या वस्तूत ते आहेत हे ठाऊक नव्हते. कोड चिप बनवणाऱ्याकडून, मग दुसऱ्या कोणाकडून, असा हातोहात आला होता. परवान्याची सूचना पुसली गेली तेव्हा तो कायद्याचा भंग होता. तीच सूचना दुरुस्तीचा पत्ता होती, हे त्रुटी सापडल्यावर कळले.

या सगळ्यावर जीपीएलच्या बाजूचा आक्षेप जुना आणि भारदस्त आहे. तुम्ही शिष्टाचाराच्या भरवशावर बसता, ते म्हणतात. बळकट कंपनी कोड नेईल आणि मागे वळून बघणार नाही. त्यांच्या हातात पुरावा आहे. २००३ मध्ये लिंकसिसच्या एका राउटरमध्ये लिनक्स आहे हे उघड झाल्यावर जीपीएलमुळे कंपनीला तो कोड खुला करावा लागला, आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प जन्मला. उदार परवाना असता तर हे घडलेच असते असे कोणी म्हणू शकत नाही. उलट २०१७ मध्ये लोकांना कळले की इंटेलच्या प्रोसेसरसोबत चालणाऱ्या व्यवस्थापन इंजिनात मिनिक्स ही उदार परवान्याची ऑपरेटिंग सिस्टिम आहे. मिनिक्सचे कर्ते अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी इंटेलला जाहीर पत्र लिहिले. तक्रार नव्हती, परवान्याने तसे बंधन घातले नाही हे ते जाणून होते. काम झाल्यावर कोणी सौजन्य म्हणून कळवले असते तर बरे वाटले असते, एवढाच त्यांचा सूर होता. ज्याचा कोड जगातल्या असंख्य संगणकांत गेला त्याला ते इतरांकडून समजावे, हे मला शोभणारे वाटत नाही, आणि उदार परवान्याच्या समर्थकांनी ते मोकळेपणाने मान्य करावे.

तरीही आक्षेपाने सिद्ध होते ते इतकेच, की परवाना परतफेड घडवत नाही. परतफेड होतच नाही, हे त्याने सिद्ध होत नाही. नेटफ्लिक्सचे चित्रपट वाटणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात. कंपनी विकासाच्या ताज्या शाखेशी जोडून राहते आणि सेंडफाइल या सिस्टिम कॉलसारख्या ठिकाणी केलेल्या सुधारणा मूळ प्रकल्पात परत देते. तिला ते कोणी भाग पाडलेले नाही. बदल स्वतःकडे ठेवले तर दर नव्या आवृत्तीला ते पुन्हा बसवत राहावे लागेल, हा साधा हिशेब आहे. एलएलव्हीएम हे कंपायलरचे काम इलिनॉय विद्यापीठात उदार परवान्याखाली सुरू झाले; ॲपलने २००५ पासून त्यावर पैसा आणि माणसे लावली, आणि त्यातला क्लँग कंपायलर जानेवारी २०१४ च्या फ्रीबीएसडी १०.० मध्ये जीसीसी या जीपीएलच्या कंपायलरच्या जागी बसला. ॲपलला तो दडवून ठेवता आला असता. जीपीएल मूळ कोड उघड करायला लावते, हे तिचे मोठे यश. पण उघडा केलेला कोड मूळ प्रकल्पात नीट बसवून देण्याचे कष्ट तीही कोणाकडून करून घेऊ शकत नाही. कित्येक फोन आणि राउटरसाठी कंपन्यांनी टाकून दिलेले लिनक्सचे गठ्ठे, कोणीही न उघडलेले, याची साक्ष देतात. म्हणजे दोन्ही परंपरांत कोड टिकतो तो येण्याजाण्यामुळेच; एका परंपरेत दार कायद्याने उघडे राहते, दुसरीत ते उघडे ठेवावे लागते.

आणखी एक आक्षेप प्रोग्रामरांचा असतो: हे वकिलांचे काम, आम्हाला कशाला? याला उत्तर एकच. कोणती फाइल कुठून आली हे कॉपी करण्याच्या क्षणी एका ओळीत लिहिता येते. दहा वर्षांनी ते शोधायला वकिलाला महिने लागतात, आणि तेव्हाही तो प्रोग्रामरलाच विचारतो. लिनक्सने २०१७ च्या ४.१४ आवृत्तीपासून प्रत्येक फाइलीच्या पहिल्या ओळीत परवाना सांगणारी एसपीडीएक्सची खूण घालायला सुरुवात केली ती याच जाणिवेतून. पंचवीसेक वर्षे फाइलींवर नाना तऱ्हांचे मजकूर साठले होते आणि पुष्कळ फाइलींवर काहीच नव्हते.

आज या विषयावर मराठीत पुस्तक का, याला तीन कारणे आहेत. पहिले सरकारी. एसपीडीएक्स २०२१ मध्ये आयएसओचे मानक झाले. सॉफ्टवेअरमध्ये काय काय घातले आहे याची यादी, जिला एसबॉम म्हणतात, अमेरिकेच्या मे २०२१ च्या आदेशाने आणि युरोपच्या सायबर रेझिलियन्स कायद्याने मागितली जाऊ लागली. आपल्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्या मार्गदर्शिका काढल्या. पुण्यात किंवा मुंबईत बसून परदेशी ग्राहकासाठी उपकरणाचे सॉफ्टवेअर बांधणाऱ्या मुलामुलींपुढे ही यादी उद्या येणारच आहे. दुसरे कारण भाषेचे. फोनच्या पडद्यावर ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ्या नीट जुळून दिसतो, तो बहुधा हार्फबझ या एमआयटी घराण्याच्या परवान्याखालच्या लायब्ररीमुळे. अँड्रॉइड, फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस या सगळ्यांत तीच आहे. मराठी वाचकाच्या रोजच्या वाचनात हे विरजण आहे. तिसरे कारण सर्वांत निकडीचे. यंत्राकडून लिहून घेतलेल्या कोडला माथ्यावरची सूचना नसते. तो कोणाच्या लेखनावरून घडला हे मागणाऱ्यालाही कळत नाही आणि देणाऱ्यालाही सांगता येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कोपायलट या कोड लिहून देणाऱ्या यंत्रावरून अमेरिकेत भरलेल्या खटल्याच्या मुळाशी श्रेयाची हीच हरवलेली ओळ होती. नेटबीएसडीने मे २०२४ मध्ये ठरवले की असा कोड संशयित धरावा आणि मुख्य मंडळाच्या लेखी संमतीशिवाय घेऊ नये. हा नियम काहींना जुनाट वाटला. १९९२ चा खटला सोसलेल्या घराण्याला तो जुनाट वाटणार नाही, हे त्या खटल्याचा इतिहास वाचलेल्याला पटेल. भारतीय कायद्याचे कलम ५७ लेखकाला आपले लेखकत्व सांगण्याचा अधिकार हक्क विकल्यानंतरही देते. यंत्राने लिहिलेल्या कोडपुढे तो कसा बजावायचा, यावर अजून कोणी समाधानकारक बोललेले नाही.

पुढील लेख वेगवेगळ्या हातांचे आहेत आणि त्यांचे एकमेकांशी पटतेच असे नाही. जीपीएल हाच खरा मार्ग मानणाऱ्यांना इथे पुरेशी जागा आहे, कारण त्यांच्या टीकेवाचून बर्कलेची परंपरा आत्मसंतुष्ट होते. परवान्यांचे कायदेशीर भाष्य आम्ही गरजेपुरतेच ठेवले आहे. भर आहे तो प्रत्यक्ष फाइलींवर: एखादा ड्रायव्हर एका सिस्टिममधून दुसरीत कसा गेला, वाटेत काय बदलले, काय बदलायला नको होते, आणि आज त्याची दुरुस्ती कुठून येते. झेडएफएस या फाइल सिस्टिमसारखे, उदार आणि कॉपीलेफ्ट यांच्या मधल्या जातीच्या परवान्याचे प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवले आहेत. त्यांना स्वतंत्र पुस्तक लागेल. परवान्यांचे मजकूर परिशिष्टात मूळ इंग्रजीतच दिले असून मराठीत फक्त त्यांचा अर्थ सांगितला आहे, कारण आमच्या अनुवादाला न्यायालयात किंमत नाही, आणि एका गाळलेल्या क्रियापदाने काय होते हे वर आलेच आहे. पुस्तकात छापलेल्या प्रत्येक कोडच्या तुकड्याची, मग तो चार ओळींचा का असेना, कॉपीराइट सूचना शेवटच्या पानांवर जशीच्या तशी आहे. प्रत्येकीसोबत तो तुकडा कोणत्या प्रकल्पाच्या कोणत्या आवृत्तीतून आणि कोणत्या तारखेला उतरवला, तेही नोंदवले आहे.